जपानमधलं शांत ओन्सेन र्‍योकान: 'प्रायव्हेट बाथ' म्हणजे नक्की काय मिळतं?

मीठमिरची | २ सप्टेंबर, दुपारी ३:१५

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही जपानला जातोय. मी, नवरा आणि सासूबाई. टोकियो आणि क्योतोची हॉटेलं झाली. मधली एक रात्र (फार ताणलं तर दोन) ओन्सेनच्या, म्हणजे गरम पाण्याच्या झऱ्याच्या, गावी एखाद्या जुन्या पद्धतीच्या विश्रामगृहात, म्हणजे र्‍योकानमध्ये काढायची आहे, आणि त्या एका रात्रीने माझे दोन आठवडे खाल्लेत.

सासूबाई ७१ वर्षांच्या, माण तालुक्यातल्या. गुडघे कुरकुरतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी ठणठणीत. माळकरी आहेत. चारचौघींत कपडे उतरवून आंघोळ करायची असते हे नवऱ्याने जेवताना सांगितलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "मग मी खोलीत बसंन." त्यातून त्यांच्या कपाळावर आणि हातावर गोंदण आहे, आणि टॅटू असलेल्यांना तिकडे आत सोडत नाहीत असं वाचलं. तेव्हा खाजगी आंघोळीची सोय हवीच, आणि जागा शांत हवी. बस भरभरून माणसं उतरतात तसलं नको.

पण साइटवर जिथे बघावं तिथे 'प्रायव्हेट बाथ'. एक म्हणतो माणशी १८ हजार येन, दुसरा ६५ हजार. फोटो मात्र सगळ्यांचे एकच: लाकडी टब, वाफ, कडेला एक लाल पान. फरक कशात आहे, कुणी सांगेल का?

शेवग्याची_शेंग | २ सप्टेंबर, दुपारी ४:०५

वाचतेय. आम्हालाही पुढच्या वर्षी जायचंय.

निशिकासाईकर | २ सप्टेंबर, रात्री ९:४०

मीठमिरची, आधी शब्दांचा गुंता सोडवू, गाव मग.

'प्रायव्हेट बाथ' या दोन शब्दांत साइटवाले वेगवेगळ्या गोष्टी कोंबतात. काशिकिरी-बुरो म्हणजे खोलीच्या बाहेर असलेलं, पण ठरावीक वेळ फक्त तुमच्या घरच्यांना कडी लावून मिळणारं स्नानघर. साधारण ४५-५० मिनिटं. कुठे फुकट, कुठे दोन-चार हजार येन वेगळे. काही ठिकाणी पोचल्यावर वहीत वेळ लिहून घेतात, तर काही ठिकाणी 'रिकामं दिसलं तर जा, पाटी उलटी करा, आतून कडी लावा' एवढाच कारभार. काझोकु-बुरो, म्हणजे 'कुटुंबाचं न्हाणीघर', हेही जवळपास तेच.

दुसरा प्रकार रोतेनबुरो-त्सुकी क्याकुशित्सु. शब्द लांब आहे, अर्थ सोपा: उघड्यावरच्या कुंडासकट खोली. तुमच्याच गच्चीत किंवा अंगणात, रात्री तीन वाजताही तुमचंच. तुम्हाला जे ६५ हजार दिसले ते बहुतेक हे.

आणि तिसऱ्या प्रकारात लोक फसतात. खोलीला संडास-बाथरूम आहे, बाथरूममध्ये टब आहे, झालं की हो 'प्रायव्हेट बाथ'! भाषांतर करणाऱ्या यंत्राची काही चूक नाही. आपल्याकडच्या लॉजच्या पाटीवर 'अटॅच्ड' लिहितात तसंच ते.

बुकिंग करताना एवढंच विचारा: खोलीतल्या कुंडात ओन्सेनचं पाणी आहे, की साधं तापवलेलं? गच्चीत देखणा टब आणि त्याला नळाचं पाणी, ही जोडी तिकडे सर्रास आहे. त्यात लबाडी नाही, जपानी पानावर ते लिहिलेलं असतं. इंग्रजी पानावर ती ओळ गळते.

आणखी एक. तिकडचा भाव खोलीचा नसतो, माणशी असतो, आणि त्यात बहुधा रात्रीचं जेवण आणि नाश्ता धरलेला असतो. याला 'इप्पाकु निशोकु' म्हणतात, एक रात्र दोन जेवणं. त्यामुळे हॉटेलच्या भावाशी तुलना करू नका. तिघांचे तीनदा मोजा. शनिवार आणि सुट्टीच्या आदली रात्र टाळलीत तर तीच खोली बरीच स्वस्त मिळते. तुमच्या त्या रात्रीचा वार मंगळ-बुध करता येत असेल तर आधी ते करा, साइट नंतर बघा.

कंदीलवाला | २ सप्टेंबर, रात्री १०:२०

निशिकासाईकरांना +१. 'नळाच्या पाण्याचा देखणा टब' आम्ही अनुभवलाय. लग्नाचा दहावा वाढदिवस. गच्चीत गोल टब, समोर दरी, सगळं चित्रातल्यासारखं. बायको म्हणाली पाणी फारच गुळमुळीत वाटतंय, आपल्या गीझरसारखं. खाली जाऊन विचारलं तर तिथले आजोबा अत्यंत नम्रपणे म्हणाले, ओन्सेन तळमजल्यावर, खोलीत 'नुसतं गरम पाणी'. नम्रपणा असा की भांडताही येईना. :)

उपास_भाजणी | ३ सप्टेंबर, सकाळी ७:५०

मला एक कळत नाही. एवढ्या लांब जाऊन खोलीतल्या टबात बसायचं, मग वज्रेश्वरी-गणेशपुरी काय वाईट? उन्हेऱ्याला, तुरळला, राजवाडीला फुकट कुंडं आहेत. (हलके घ्या.)

आणि गंभीरपणे: सार्वजनिक कुंडात दोन मिनिटं लाजतो आपण, मग कुणी कुणाकडे बघत नाही. मी किनोसाकीला गेले होते. गावात सात सार्वजनिक स्नानगृहं, गावभर युकाता (सुती किमोनो) घालून लाकडी गेता (खडावा) टकटकवत फिरायचं, एकातून दुसऱ्यात. शिवाय तिथे गोंदण-टॅटू काही असो, सगळीकडे प्रवेश आहे. क्योतोहून रेल्वेने अडीच तास. सासूबाईंना एकदा नेऊन तर बघा.

मीठमिरची | ३ सप्टेंबर, सकाळी ९:३०

उपास_भाजणी, त्यांना 'नेऊन बघणारी' व्यक्ती आमच्या घराण्यात जन्मली नाही अजून. :D तुमची सूचना छान आहे, पण त्या नाही म्हणाल्या की तो विषय तिथेच संपतो. त्यांच्या नकाराला वाट काढायची आहे, तो मोडायचा नाहीये.

निशिकासाईकर | ३ सप्टेंबर, दुपारी १:१०

किनोसाकी मलाही आवडतं, पण या प्रश्नाला ते उत्तर नाही. तिथली मजा घराबाहेर, रस्त्यावर आहे. आणि नोव्हेंबरच्या ६ तारखेपासून तिकडे खेकड्यांचा हंगाम सुरू होतो. अर्धा कान्साई (क्योतो-ओसाकाचा भाग) खेकडे खायला तिथे लोटतो. माळकरी बाईंना खेकड्याच्या पाट्या बघत फिरवणार का?

शांतता हवी असेल तर मी गावाआधी खोल्या मोजतो. दहा-बारा खोल्यांचं घर आणि दीडशे खोल्यांची इमारत, दोघीही र्‍योकानच म्हणवतात. मोठीत बँक्वेट हॉल असतो, कंपन्यांच्या सहली येतात, एखादी कराओकेची खोली असते. छोट्यात मालकीणबाई, म्हणजे ओकामी, स्वतः दारात उभ्या असतात. त्यातही 'हानारे' म्हणजे मुख्य घरापासून सुटी बांधलेली खोली मिळाली तर शेजारच्याचा खोकलाही ऐकू येत नाही. काही ठिकाणी १२-१३ वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत. ते पोरंबाळं असलेल्यांना जाचक वाटेल, पण तुमच्या यादीत ते चाळणीचं काम करेल.

आता गाव. एकच रात्र, सोबत गुडघे, टोकियो ते क्योतो मार्ग. मी हाकोने म्हणेन, पण हाकोने-युमोतो स्टेशनच्या आसपास अजिबात नाही. तिथे दिवसभर जत्रा असते. वर सेन्गोकुहाराकडे जा. युमोतोहून बसने अर्धा तास, किंवा शिंजुकूहून थेट बस आहे, साधारण दोन तास. पाणी ओवाकुदानीच्या ज्वालामुखीच्या वाफेवर तयार होतं, दुधाळ पांढरं. नोव्हेंबरात तिथलं सुसुकीचं, म्हणजे उंच तुऱ्यांच्या गवताचं माळरान सोनेरी असतं. दुसरा पर्याय इझूतलं शुझेन्जी. पाणी साधं, बिनवासाचं, मऊ. गावाच्या मधोमध नदी आणि बांबूचं बन. मिशिमाला शिंकान्सेन (बुलेट ट्रेन) सोडून छोट्या रेल्वेने अर्धा-पाऊण तास, पुढे बस.

गिन्झानचे बर्फातले कंदिलांचे फोटो बघून कुणी तुम्हाला भुलवेल. गाव सुंदरच आहे, पण ती शांतता फोटोत असते. न्यूतो आणि क्युशूतलं कुरोकावा ही माझी आवडती, पण एका रात्रीसाठी दोन्ही फार आडवाटेला.

बोरन्हाण | ३ सप्टेंबर, रात्री ८:००

पाणी 'खरं' आहे हे तरी कशावरून? मी ऐकलं होतं की रंग टाकतात.

निशिकासाईकर | ३ सप्टेंबर, रात्री ८:४५

टाकला होता. २००४ साली शिराहोने या दुधाळ पाण्यासाठी प्रसिद्ध गावात काही कुंडांत पावडर मिसळत असल्याचं उघड झालं आणि देशभर गदारोळ माजला. एकेक गाव तपासलं गेलं. त्यानंतर २००५ पासून पाण्यात साधं पाणी मिसळलंय का, तापवलंय का, तेच पाणी गाळून फिरवलंय का, क्लोरीनसारखं काही घातलंय का, हे पाटीवर लिहिणं बंधनकारक झालं. कपडे बदलायच्या खोलीत भिंतीवर जो आकड्यांचा रुक्ष तक्ता असतो, तो पाण्याचा तपासणी अहवाल. त्याच्या शेजारी ही पाटी असते.

जाता जाता, जपानच्या १९४८ च्या कायद्यात ओन्सेनची व्याख्या मजेशीर आहे. उगमापाशी २५ अंश तापमान असेल, किंवा यादीतल्या १९ घटकांपैकी एकही पुरेशा प्रमाणात असेल, तर ते ओन्सेन. म्हणजे थंडगार झराही कायद्याने 'गरम पाण्याचा झरा' असू शकतो, मग तो बॉयलरवर तापवतात. वाईट काहीच नाही त्यात. पण तुम्हाला झऱ्यातून आलेलं, कुंडातून ओसंडून वाहून जाणारं, परत न फिरवलेलं पाणी हवं असेल तर 'गेन्सेन काकेनागाशी' हे शब्द शोधा. जपानी साइटवर याचा वेगळा चौकोन असतो, त्यात खूण करता येते.

डॉ_पडवळ | ४ सप्टेंबर, सकाळी ६:४०

पाण्याच्या शुद्धतेपेक्षा मला सासूबाईंची काळजी. बीपीची गोळी घेणाऱ्यांनी ४१-४२ अंशाच्या पाण्यात एका वेळी दहा मिनिटांपेक्षा जास्त बसू नये. नोव्हेंबरच्या रात्री गार हवेत कपडे काढून एकदम गरम पाण्यात उतरणं जास्त धोक्याचं. आधी पायांवर, मग कमरेवर, मग खांद्यांवर तांब्याने पाणी घ्यायचं. जपानीही असंच करतात, त्याला 'काके-यु' म्हणतात. पोटभर जेवल्यावर लगेच नाही, आणि साके घेतल्यावर तर नाहीच (हे चिरंजीवांसाठी). बाहेर येताना झटकन उभं राहायचं नाही, चक्कर येते. पहिल्या वेळी तुम्ही जवळ थांबा. आणि निघण्याआधी त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा, मी इथून त्यांची नाडी बघू शकत नाही.

गुडघ्यांबद्दल कुणी बोललं नाही अजून. र्‍योकानमध्ये झोपायला जमिनीवर फुतोन (घडीची गादी) आणि जेवायला पाय नसलेली पाठीची खुर्ची. ७१ व्या वर्षी खालून उठणं हाच खरा व्यायाम. पलंग असलेली खोली मागा. तातामी (गवती चटयांची जमीन) आणि पलंग दोन्ही असलेल्या खोलीला बहुतेक 'वायोशित्सु' म्हणतात. जेवायला खुर्ची-टेबल आहे का तेही विचारा. कुंडात उतरायला कठडा किंवा पायरी आहे का, हे फोटो मागवून बघा.

मीठमिरची | ४ सप्टेंबर, सकाळी १०:१५

डॉक्टर, पलंगाचं माझ्या ध्यानातच नव्हतं! मी वेड्यासारखी तातामीवर फुतोन 'अस्सल' म्हणून शोधत होते.

आता सगळ्यात अवघड प्रश्न. जेवण. त्या अंडंसुद्धा खात नाहीत.

तुरडाळ_तोक्यो | ४ सप्टेंबर, दुपारी १२:३०

हा माझा प्रांत. तेरा वर्षं इथे शाकाहारी राहून जिवंत आहे.

जपानी जेवणात मासा दिसत नाही तिथेही असतो. दाशी, म्हणजे सगळ्या स्वयंपाकाचं मूळ पाणी, बहुतेक कात्सुओबुशीचं असतं: वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचं. मिसो सूप, उकडलेल्या भाज्या, भज्यांसोबतची बुडवायची वाटी, सगळ्यात. 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर मांस वगळतील आणि दाशी तशीच ठेवतील, कारण त्यांच्या मनात दाशी म्हणजे मासा नव्हेच. आपण फोडणीतल्या हिंगाला पदार्थ समजतो का?

म्हणून 'शाकाहारी' या शब्दाचा उपयोग नाही. यादी द्या: मांस नको, मासे नको, अंडं नको, माशाची दाशी नको, कोंबु (समुद्री शेवाळ) आणि शिताके मशरूमची दाशी चालेल. ही चिठ्ठी बुकिंग करण्याआधी पाठवा. झाल्यावर पाठवलीत तर 'माफ करा, जमणार नाही' असं उत्तर येईल आणि तोवर रद्द करण्याचे पैसे लागू होतील. छोट्या घरात एकच आचारी असतो, त्याला एका पाहुण्यासाठी वेगळी दाशी करावी लागते, त्यामुळे ते नाही म्हणाले तर राग मानू नका. हो म्हणणारी बरीच आहेत. हाकोनेला तोफू आणि युबा, म्हणजे सोयादुधाची साय, चांगली मिळते. तिथला आचारी निदान हतबल नसतो.

नाहीच जमलं तर 'सुदोमारी' घ्या, जेवणाशिवाय नुसती खोली, आणि दशम्या-चटणी बरोबर.

शेवग्याची_शेंगसाठी: तुम्ही पुढच्या वर्षी जाताय ना, क्युशूत बेप्पूच्या कान्नावा भागाचा विचार करा. जमिनीतून येणाऱ्या वाफेवर स्वतःच भाज्या, रताळी, मका उकडून घ्यायची भट्टी भाड्याने मिळते. जुन्या काळी लोक आठवडा-आठवडा औषधी स्नानाला, 'तोजी'ला येऊन राहायचे आणि स्वतः रांधून खायचे. तसं स्वयंपाकघर असलेली साधी घरं अजून आहेत. मी तिथे मुगाची खिचडी केली आहे. :)

उपास_भाजणी | ४ सप्टेंबर, दुपारी १:०५

त्या दिवशी एकादशी नाही ना, तेवढं बघा. नाहीतर माणशी चाळीस हजार येन देऊन सासूबाई रताळं खातील.

मीठमिरची | ४ सप्टेंबर, दुपारी १:२०

बघितलं! कार्तिकी आम्ही परतल्यावर आहे. त्यांनीच आधी पंचांग बघून मग तारखांना होकार दिला.

बोरन्हाण | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

अवांतर: मोठ्या सार्वजनिक कुंडात नवरोबा जाणार असतील तर सांगून ठेवा. बऱ्याच ठिकाणी पुरुषांची आणि बायकांची बाजू रात्रीतून बदलतात, दोघांनाही दोन्ही कुंडांचा लाभ मिळावा म्हणून. मी रात्री निळ्या पडद्याने आत गेलो होतो. पहाटे साडेपाचला अर्धवट झोपेत त्याच दारातून... पडदा तांबडा होता. आतून एका आजींचं गाणं ऐकू आलं म्हणून वाचलो.

कंदीलवाला | ४ सप्टेंबर, संध्याकाळी ६:५०

=)) =))

बोरन्हाण, या प्रतिसादाची वाचनखूण साठवली आहे.

जास्वंद_दुबई | ५ सप्टेंबर, सकाळी ११:००

धाग्याचं अपहरण करत नाही, छोटा प्रश्न: मी पाच महिन्यांची गरोदर आहे, ओन्सेन चालतं का?

डॉ_पडवळ | ५ सप्टेंबर, रात्री ९:१५

जपानमध्ये पूर्वी गरोदरपण 'टाळा' यादीत होतं, २०१४ साली ते काढून टाकलं. तरी पाणी फार कढत नको, थोडाच वेळ, आणि फरशी निसरडी असते तिथे हात धरायला कुणीतरी हवं. तुमच्या डॉक्टरांचा शब्द शेवटचा.

माजघर | ६ सप्टेंबर, सकाळी ८:२०

एक बायकी सूचना. दुधाळ, गंधकाच्या पाण्यात जाणार असाल तर चांदी काढून ठेवा. जोडवी, पैंजण, करगोटा, काहीही. दहा मिनिटांत काळं होतं. सोन्याला तेवढं भय नाही, पण मंगळसूत्रही काढलेलं बरं.

आणि संध्याकाळी सहाच्या आत पोचा. तीनला चेक-इन असतं, लोक तीनलाच येतात, कारण जेवायच्या आधी एकदा, झोपायच्या आधी एकदा आणि पहाटे एकदा अशी तीन स्नानं करायची असतात. आम्ही गाडी चुकवून साडेसातला पोचलो, तर स्वयंपाकघर मिटलेलं. दोन जेवणांचे पैसे भरून आम्ही खोलीत बिस्किटं खाल्ली. सकाळी दहाला बाहेर. मोठ्या बॅगा ताक्क्युबिनने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या सेवेने, टोकियोहून थेट क्योतोच्या हॉटेलला पाठवून द्या. एका रात्रीचं गाठोडं हातात ठेवा. र्‍योकानच्या लाकडी जिन्यावर चाकाची बॅग चढवणं म्हणजे शिक्षा.

मीठमिरची | १८ सप्टेंबर, रात्री १०:०५

मंडळी, झालं! सेन्गोकुहारा, नऊ खोल्यांचं घर, बुधवारची रात्र. पलंग आणि तातामी दोन्ही. खोलीच्या अंगणात कुंड, पाणी काकेनागाशी (तीनदा विचारून घेतलं). माणशी ३८ हजार येन, वर आंघोळीचा सरकारी कर १५० येन तिथे रोख. आचाऱ्याचं उत्तर दोन दिवसांनी आलं: कोंबुच्या दाशीत करून देईन. आधी ज्या दोन घरांना विचारलं त्यांनी नम्रपणे नाही म्हटलं होतं.

परत आल्यावर वृत्तांत लिहीन.

निशिकासाईकर | १८ सप्टेंबर, रात्री १०:३०

उत्तम. तुमच्या साइटवर असेल तर रद्द करण्याची अट एकदा डोळ्यांखालून घाला. शेवटच्या आठवड्यात टक्के चढत जातात, त्या दिवशी पूर्ण पैसे.

शेवग्याची_शेंग | २७ नोव्हेंबर, दुपारी २:४०

धागा वर काढतेय. मीठमिरची, वृत्तांत?

मीठमिरची | २९ नोव्हेंबर, रात्री ११:१०

उशीर झाला, कार्तिकीला घरी पाहुणे होते.

सव्वातीनला पोचलो. दारात ओकामी गुडघे टेकून बसल्या होत्या. सासूबाईंना वाटलं बाई पाया पडतेय, त्यांनी घाईने तिला खांद्याला धरून उठवलं. दोघी हसत सुटल्या. पुढचे सतरा तास त्या दोघी जपानी आणि माणदेशीत बोलत होत्या. भाषांतराचं ॲप मी दोनदा काढलं, दोन्ही वेळा त्यांनी ते खाली ठेवायला लावलं.

खोलीत शिरताच सासूबाईंचा पहिला प्रश्न: "अंडी कुठं उकडायलीत?" गंधकाचा वास! माळकरी माणसाला अंड्याच्या वासाच्या पाण्यात बसवायचं म्हणजे पंचाईत. मी गंधक, ज्वालामुखी वगैरे सुरू केलं. नवरा म्हणाला, "आई, वज्रेश्वरीला असाच येतो." झालं, पाणी देवाचं ठरलं. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तांब्याने आधी पाय, मग कंबर. पायरी होती, कठडा नव्हता, मी हात धरला. उतरल्या आणि डोळे मिटून बसल्या. आठ मिनिटांनी मी हाक मारली तर म्हणाल्या, "गप. गुडघा काहीतरी सांगतोय." गोंदणाचा प्रश्न आलाच नाही. ओकामींनी मात्र हातावरचं तुळशी वृंदावन बोट न लावता, वाकून, बराच वेळ बघितलं.

जेवण: तिळाचं तोफू, युबा, गरम पाण्यातलं तोफू, भोपळ्याची आणि कमळकाकडीची भजी, भात, लोणचं. सगळं खाल्लं. 'मीठ कमी आहे' सोडून तक्रार नाही. चूक माझी झाली ती नाश्त्याची. चिठ्ठीत मी 'डिनर' लिहिलं होतं! सकाळचं मिसो सूप माशाच्या दाशीचं आलं. वाढणाऱ्या नाकाई-सानना मी घाईने विचारलं म्हणून कळलं. बिचाऱ्या पळत जाऊन भात आणि उमेबोशी (खारवलेली आंबट फळं) घेऊन आल्या. तेव्हा लिहून घ्या: यादी दोन्ही जेवणांसाठी पाठवायची.

शांतता हवी होती ती मिळाली. इतर पाहुणे असे मला फक्त चपलांच्या जोडांवरून कळले. पण झोप? त्याचं ऐका. काकेनागाशी म्हणजे पाणी चोवीस तास लाकडी पन्हळीतून कुंडात पडतं आणि कडेवरून वाहून जातं. आम्हाला तो आवाज गोड वाटत होता. रात्री दीडला जाग आली तर सासूबाई अंगणात शाल गुंडाळून उभ्या. "अगं, हे पाणी चाललंय सगळं वाया. बंद कुठनं करायचं?" मी म्हटलं आई, ते असंच असतं, झऱ्याचं आहे, थांबवायचं नसतं. त्यांचं काही समाधान होईना. आमच्या गावात त्यांनी टँकरची वाट बघण्यात किती उन्हाळे घालवले ते मला ऐकून माहीत आहे. दोन वाजेपर्यंत मी त्यांना परत झोपवत होते.

आणि हो माजघर, जोडवी. तुम्ही सांगितलं होतं. मी स्वतःची काढली आणि त्यांची विसरले. कोळशासारखी झाली आहेत.

माजघर | ३० नोव्हेंबर, सकाळी ७:३०

काळजी नको. भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरा, चकचकीत बाजू वर, त्यावर जोडवी, दोन चमचे खायचा सोडा आणि उकळतं पाणी. जोडवी फॉइलला टेकली पाहिजेत. पाच-दहा मिनिटांत काळेपणा उतरेल. नाही उतरला तर पुन्हा एकदा.

डॉ_पडवळ | ३० नोव्हेंबर, सकाळी ८:००

दीड वाजता गार हवेत अंगणात! पण असो. गुडघा काय म्हणाला पुढे?

मीठमिरची | ३० नोव्हेंबर, सकाळी ९:४५

डॉक्टर, दोन दिवस बरा होता, क्योतोच्या पायऱ्यांवर पुन्हा बोलायला लागला.

माजघर, जोडवी पांढरी झाली. साष्टांग.

कंदीलवाला | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:१५

ते सगळं ठीक. पाणी बंद केलं का त्यांनी शेवटी?

मीठमिरची | ३० नोव्हेंबर, दुपारी १२:४०

नळ असता तर केलंच असतं! सकाळी उठून बघते तर पन्हळीखाली लाकडी बादली लावलेली, अंगणातलं घंगाळही भरलेलं. त्या पाण्यात आमचे तिघांचे रुमाल आणि नवऱ्याचे मोजे धुऊन अंगणाच्या कठड्यावर वाळत घातले होते.